अल ऐनची तीन कपाटं

आखाती देशात जाऊन आलेल्या माणसाला कऱ्हाडात दोन प्रश्न हमखास विचारतात. सोनं तिकडे खरंच स्वस्त आहे का, आणि तो जगातला सगळ्यात उंच मनोरा पाहिलात का. मी अमिरातीत नऊ दिवस राहून आले. सोन्याच्या बाजाराकडे फिरकले नाही आणि मनोरा गाडीच्या काचेतून दिसला तेवढा मला पुरला. मी गेले होते अल ऐनला, मराठी पुस्तकं आणायला. पुस्तकं आणली नाहीत. का आणली नाहीत हे प्राचार्यांना दोनदा सांगून झालं आहे, आता सगळ्यांनाच एकदा सविस्तर सांगते.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. अलका पाटणकर ही आमची जुनी विद्यार्थिनी. अल ऐनच्या विद्यापीठात ती प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे करत होती. तिचा फोन आला. "मॅडम, माझी नोकरी संपतेय. हे आधीच पुण्याला गेलेत, महिन्याअखेर मीही घर सोडणार. इथल्या मराठी मंडळींची तीन कपाटं भरून पुस्तकं माझ्याकडे आहेत. आपल्या कॉलेजला चालतील का?" प्राचार्य खूश झाले. आखातातून आलेल्या पुस्तकांचं वेगळं दालन करू, दारावर पाटी लावू, म्हणाले. माझा भाचा निखिल शारजात राहतो आणि दरवर्षी बोलावतो. तेव्हा मी यादी करायची, खोकी भरून घ्यायची आणि सोमवारी कार्गोवाल्याच्या ताब्यात द्यायची, असं ठरलं. निवृत्तीनंतर एवढं सरळ काम माझ्याकडे प्रथमच आलं होतं.

अल नहदा, शारजा

निखिलचं घर अल नहदात चोविसाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा चोविसावा मजला दिसतो. त्या दोन इमारतींच्या मधून शारजा संपून दुबई कुठेतरी सुरू होते, आणि सकाळी सहापासून सगळी शारजा ती सीमा ओलांडायला रांगेत उभी असते. निखिलची मुलगी सान्वी माझ्याशी मराठी ऐकते आणि इंग्रजी बोलते. "पोहे आवडले का गं?" असं विचारलं की "येस, बट लेस मिरची नेक्स्ट टाइम" असं उत्तर येतं. पहिले दोन दिवस मला हे खटकलं. मग लक्षात आलं, तिला सगळं कळतंय, अडतंय ते फक्त माझं.

शुक्रवारी निखिलचं ऑफिस अर्धा दिवस असतं. "आत्या, यल्ला, पटकन आवर आणि साडेबाराला खाली ये. कुसैसच्या सिग्नलला अडकलो तर खलास," असं बजावून तो गेला, आणि स्वतःच एक वाजता आला. दुबई मागे पडल्यावर रस्ता सरळ दक्षिणेला लागतो. वाळू आधी पांढुरकी असते, पुढे तिला तांबूस रंग चढतो, आणि ही आमच्याकडची भाजलेल्या विटेची माती वाऱ्याने पसरली आहे की काय असं वाटू लागतं.

अल ऐन, शुक्रवार

अल ऐन हे गाव मला उतरताक्षणी आवडलं. इमारती बुटक्या आहेत, मान वर करावी लागत नाही. चौकाचौकात गोल बागा, रस्त्याकडेला झाडं, गावाच्या मधोमध खजुराची वाडी आणि तिच्यातून वाहणारे पाण्याचे जुने पाट. पलीकडे जबल हफीतचा उघडा डोंगर, त्याच्या बगलेला ओमानची हद्द. आणि सगळीकडे विद्यार्थी. विद्यापीठाचं गाव कुठलंही असो, चहाच्या दुकानात वह्या उघडून बसलेली मुलं दिसली की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

अशाच एका दुकानाशी निखिलने गाडी थांबवली. केरळी मालक, कडक दूध-चहा, आणि तव्यावर कागदासारखी पातळ रगाग रोटी, आत अंडं आणि चीज. "चहा अडीच दिरहॅम," निखिल म्हणाला आणि सवयीने पुढे जोडलं, "म्हणजे साठ रुपये." मी घोट गिळताना जरा थबकलेच. चहाच्या बंबावर एक फळी होती आणि तिच्यावर मल्याळी मासिकं नीट ओळीने लावलेली. ती न्याहाळताना मालकाने मला पाहिलं. "मैडम, मेरा भी दो कविता है उसमें," तो म्हणाला. "इधर सब आदमी कुछ ना कुछ लिखता है. आठ महीना गर्मी, बाहर जाएगा किधर?" साहित्यनिर्मितीची इतकी स्वच्छ कारणमीमांसा आमच्या मराठी विभागात मी कधी ऐकली नव्हती.

निखिल मला अलकाच्या घरी सोडून परत गेला. अलका तीच, फक्त केस पिकलेले. तिने थालीपीठ लावलं आणि लोण्यासोबत वाटीत खजुराचा काळा पाक दिला. थालीपीठाला खजुराचा पाक म्हणजे अति झालं असं मी म्हटलं आणि तीन खाल्ली.

संध्याकाळी विद्यापीठात अरबी कवितांचा कार्यक्रम होता. तिथे मला इरा घेऊन गेली. इरा सव्वीस वर्षांची, अमिरातीतच उत्तरेला रास अल खैमात वाढलेली. वडील तिथल्या टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर, ही इथे विद्यापीठात शिकवते. अलकाकडे दर शनिवारी मराठी वाचन होतं, त्याला ती न चुकता येते आणि भिंतीला टेकून ऐकते. स्वतः कधी वाचत नाही. का, असं मी गाडीतच विचारलं.

"मावशी, आय अंडरस्टँड एव्हरीथिंग. रीडिंग इज व्हेरी स्लो. सगळे थांबून राहतात. इट्स एम्बॅरसिंग."

कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण नव्हतं, हे पहिलं आश्चर्य. आमच्याकडे पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत कवी पेंगतात. इथे एक विशीतली मुलगी काळ्या पायघोळ अबायात उभी राहिली, तिने चार ओळी म्हटल्या, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी त्या तिला पुन्हा म्हणायला लावल्या. पुन्हा म्हटल्या, तर तिसऱ्यांदा. माझ्या शेजारच्या वयस्क अमिराती बाई मला खजूर देऊन हिंदीत बोलू लागल्या. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. किताबों का काम, मी म्हटलं.

"किताब किसका?" बाई म्हणाल्या.

"कॉलेज का."

त्यांचं समाधान झालं नाही. "नहीं, पहले किसका?" एवढ्यात दुसरी मुलगी उभी राहिली आणि मी उत्तरातून सुटले.

शनिवार, सकाळ

अलका सकाळीच बाजाराला गेली. दुपारच्या वाचनाला सातआठ माणसं येणार होती, हे तिच्या घरातलं शेवटचं वाचन, तेव्हा साग्रसंगीत खाणं हवं. मी चहा संपवला आणि कपाटांकडे वळले.

तीन कपाटं, काचेच्या दारांची. आत पाहते तर कशाचा कशाला मेळ नाही. पाककृतींच्या शेजारी तत्त्वज्ञान, तत्त्वज्ञानाला खेटून बालगीतं, मग एक कादंबरी, मग पंचांग. त्याच कादंबरीची दुसरी प्रत दोन कप्पे सोडून खाली, तिसरी प्रत शेवटच्या कपाटात. प्रत्येक कप्प्याच्या कडेला पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. नागपूरकर. देवधर आजी. शिरीष आणि मंडळी. कोणाला पुस्तकं वाचायला दिली त्याच्या या खुणा असणार आणि पुस्तकं परत आल्यावर काढायच्या राहिल्या असणार, असं मी ठरवलं. तेहतीस वर्षांत मला एखादी गोष्ट न विचारता कळली नाही असं फारसं झालेलं नाही.

पदर खोचला. सगळी पुस्तकं जमिनीवर उतरवली, झटकली, विषयवार लावली, विषयात लेखकाच्या नावाने. कादंबरीच्या तिन्ही प्रती शेजारी शेजारी आल्या तेव्हा फार बरं वाटलं. चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, आणि चिठ्ठ्यांची पिशवी बांधून स्वतः खाली जाऊन रस्त्यावरच्या मोठ्या कचराकुंडीत टाकली. जिना चढेपर्यंत गाडी येऊन कुंडी उलटी करून गेलीसुद्धा. इथली नगरपालिका तत्पर आहे, हे मी वहीत लिहून ठेवलं.

अलका एक वाजता आली. हातातल्या पिशव्या तिने तशाच धरून ठेवल्या.

"मॅडम, चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"काढल्या गं. आता बघ, कुठलंही पुस्तक अर्ध्या मिनिटात सापडेल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सोफ्याच्या कडेला बसली आणि कॉलेजात असताना जसं हळू बोलायची तसंच बोलली. इथून कायमचं परत जाणारं प्रत्येक घर आपली मराठी पुस्तकं इथे एका कप्प्यात ठेवून जातं. तो कप्पा त्या घराचा. पुस्तक कोणीही न्यावं, पण परत त्याच कप्प्यात ठेवावं. आणि दर शनिवारी एकेका कप्प्याची पाळी असते. त्या कप्प्यातलं एक पान वाचायचं आणि ज्यांचा तो कप्पा, त्यांना फोन लावून ऐकवायचं. मग ते नागपूरला असोत नाहीतर कॅनडात.

"आज कोणाची पाळी आहे?" मी विचारलं.

"देवधर आजींची. सांगलीला असतात. गेल्या वर्षापासून डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. पाळी तीन-चार महिन्यांतून एकदाच येते. चार वाजता फोन लावायचाय, सून म्हणाली सकाळपासून फोनपाशी बसल्यात."

"पुस्तकांवर नावं असतील की."

"निम्म्यांवर भलत्यांचीच आहेत, मॅडम. जुन्या बाजारातली, लग्नात आलेली. देवधर आजींनी तर कशावरच नाव घातलं नव्हतं."

मी माफी मागितली. आयुष्यात विद्यार्थ्यांची माफी मी दोनदाच मागितली आहे, त्यातली ही दुसरी.

शनिवार, दुपार

चारला मंडळी जमली. अलकाने जे झालं ते सांगितलं, माझं नाव शक्य तितकं बाजूला ठेवून. मी उभी राहिले आणि चूक माझी आहे हे स्वच्छ सांगितलं. कोणी रागावलं नाही, पण कपाटासमोर उभं राहून सगळे तिऱ्हाईताच्या घरात आल्यासारखे बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "पाळी पुढच्या आठवड्यात घेऊ या का?" पुढच्या आठवड्यात हे घर असणार नव्हतं, हे त्यांच्याही लगेच लक्षात आलं.

"आजींनाच विचारू," अलका म्हणाली आणि तिने फोन लावून मधल्या टेबलावर ठेवला.

पलीकडून खणखणीत आवाज आला. "किती उशीर. मी कधीची तोंड धुऊन बसलेय." अलकाने घोळ सांगितला. आजींनी मध्येच तोडलं. "कोण ती बाई? ग्रंथपाल? मग बरोबर आहे, ग्रंथपालांना वाचायला वेळ कुठे असतो." हॉलमध्ये हसू फुटलं. मीही हसले. खरं तर लागलं होतं, पण हसले.

"घाबरू नका," आजी म्हणाल्या. "माझी बावीस आहेत. सांगते. त्या कादंबरीच्या तीन प्रती असतील बघा. त्यातल्या एकीच्या पाठीवर तेलाचा अंगठा आहे, माझा. अनारसे तळताना वाचत होते." अंगठा सापडला. "एक वैद्यकाचं आहे, त्यात मुलाच्या व्हिसाची झेरॉक्स खूण म्हणून घातलीय." तीही सापडली. "आणि एका पुस्तकात मी लेखकाशी भांडलेय. समासात, पेन्सिलीने. नायिकेला त्याने उगाच मारलंय शेवटी. ते माझं लाडकं."

सगळे खाली बसून पुस्तकं चाळू लागले. भिंतीपाशी बसलेली इरासुद्धा पुढे सरकली. एकदम तिचा आवाज आला.

"धिस वन. इथे लिहिलंय." आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत तिने समासातलं वाचलं, "तुम्हाला... मुली... नाहीत... वाटतं."

"तेच," फोनमधून आजी म्हणाल्या. "हे कोणी वाचलं? तिनेच वाचायचं आज पान."

इराने अलकाकडे पाहिलं. "आंटी, आय कान्ट. खूप स्लो होईल."

"मराठी बोल," आजी म्हणाल्या, "आणि सावकाश वाच. मला कुठं जायचंय."

इराने पान वाचलं. एक पान वाचायला तिला सतरा मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं होतं. जोडाक्षराशी ती थांबायची, आम्ही कोणी सांगायला गेलो तर आजी तिकडून "थांबा, येईल तिला" म्हणायच्या. आणि ते यायचं. दोनदा आजींनी ओळ पुन्हा वाचायला लावली, आदल्या दिवशीच्या त्या बायकांसारखीच. पान संपलं. मग तिकडून सुनेचा आवाज आला, आई रडताहेत पण बऱ्या आहेत, म्हणाली.

त्यानंतर कोणी घरी जाईना. जो तो आपापल्या ओळखीच्या गेलेल्या घरांना फोन लावू लागला. नागपूरकरांनी भजी सांडल्याचा डाग सांगितला. शिरीषने कॅनडातून, तिथे सकाळ होती, मुलीने रंगवलेली चित्रं सांगितली. एका पुस्तकावरून दोन घरांत फोनवर वाद झाला आणि ते दोघांनी एकमेकांना देऊ केलं. मी खाली बसून, जो तो सांगेल तसं त्याच्या कप्प्यात लावत गेले. इतक्या गैरशिस्तीत मी आयुष्यात पुस्तकं लावली नव्हती. पाककृती, तत्त्वज्ञान, बालगीतं पुन्हा शेजारी आली, आणि आता मला त्यांच्यात घर दिसत होतं. बारातेरा पुस्तकं तेवढी कोणाचीच निघाली नाहीत.

चहा होताना एक बाई म्हणाल्या, "काही असो, ती आता चांगल्या जागी जाणार. कॉलेजात पोरं वाचतील."

अलकाने माझ्याकडे पाहिलं. "हो ना मॅडम?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. सोमवारी कार्गोवाला आला असता, दालनाची पाटी लागली असती. पण मला जिन्याखालची खोली दिसायला लागली. देणगीतली पुस्तकं आमच्याकडे तिथे जातात. आमचे सबनीस सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हौसेने आपली सगळी पुस्तकं कॉलेजला दिली. नोंद करायला माणूस नाही, कपाटाला जागा नाही, म्हणून मी ती पोत्यांत भरून त्या खोलीत ठेवली. तात्पुरती. मी निवृत्त झाले तेव्हाही ती पोत्यांतच होती. सर बाजारात भेटले की विचारायचे, "मुलं वाचतात ना?" आणि मी "हो सर" म्हणायचे.

हे मी त्या हॉलमध्ये जसंच्या तसं सांगितलं. मला लाज वाटत होती आणि तेही सांगितलं. "तुमची पुस्तकंही त्याच खोलीत जातील," मी म्हटलं. "माझ्या हातून ती तिकडे जाऊ नयेत."

मग खरा प्रश्न उरला, पुस्तकं ठेवायची कुठे. कोणाचं एका खोलीचं घर, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच.

"माझा हॉल रिकामा आहे," इरा म्हणाली. मराठीत म्हणाली. "मी टीव्ही घेतलाच नाही."

"आणि तुझी नोकरी बदलली तर?" अलकाने विचारलं.

"देन समवन एल्स विल टेक इट, आंटी. मी माझा कप्पा ठेवून जाईन. दॅट्स द सिस्टीम, नो?"

रविवार

निखिल अकराला आला तो रिकामी डिकी घेऊन, खोक्यांसाठी. तीच डिकी पुस्तकं इराच्या घरी पोचवायला कामी आली. तीन फेऱ्यांत, डिकी उघडी ठेवून दोरीने बांधून, कपाटंही गेली. एका कपाटाची काच वळणावर तडकली, तिला निखिलने चिकटपट्टी लावली आणि "इन्शाल्ला टिकेल" म्हणाला. इराने नव्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, तिच्या त्या सावकाश अक्षरात. सगळ्यात खालच्या कप्प्यात ती बारातेरा बेवारस पुस्तकं होती आणि त्यावर चिठ्ठी होती, कऱ्हाडच्या मॅडम.

"पाळी आली की फोन करीन मावशी," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर निखिल विचारत होता, आत्या, एवढ्या लांब येऊन हात हलवत चाललीस, वाईट नाही वाटत? मी त्याला म्हटलं, गाडी चालव.

कऱ्हाड

प्राचार्य नाराज झाले. दालनाची पाटी रंगवायला टाकली होती म्हणाले. मी त्यांच्याकडून जिन्याखालच्या खोलीची किल्ली मागून घेतली. पहिलं पोतं सोडायला मला सकाळचे दोन तास लागले, सुतळी कुजून गाठीत चिकटली होती. कसर लागलेली बाजूला काढली. मधल्या एका पुस्तकात सबनीस सरांचं लाल शाईतलं अक्षर होतं, पानभर. तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून मी त्यांना फोन लावला. ते आता सत्त्याऐंशीचे आहेत.

"सर, मी शैला. तुमची पुस्तकं मी कपाटात लावलीच नव्हती. इतकी वर्षं पोत्यात होती. तुम्हाला खोटं सांगत आले."

"पोत्यात," सर म्हणाले.

"आज एक पोतं सोडलंय," मी म्हटलं. "एक पान वाचून दाखवू का?"

"थांब," सर म्हणाले. "कानाचं यंत्र लावून येतो."